जुन्या व्हिडिओ कॅसेट संगणकावर कशा उतरवाव्यात

लग्न, मुंज, बारसे यांच्या व्हिडिओ कॅसेट सातारा-सांगलीकडच्या अनेक घरांत माळ्यावर किंवा लोखंडी कपाटाच्या तळाशी पडून आहेत आणि त्या चालवणारे यंत्र मात्र केव्हाच भंगारात गेले आहे. हे यंत्र, म्हणजे व्हीसीआर, बनवत राहिलेल्या जपानच्या फुनाई कंपनीनेही 2016 मध्ये उत्पादन बंद केले, त्यामुळे चालू स्थितीतले यंत्र मिळते तोवर हे काम उरकून घेणे शहाणपणाचे. यात संगणकाचा भाग सोपा आहे. खरी काळजी कॅसेट आणि यंत्र यांचीच घ्यावी लागते.

प्रथम प्रत्येक कॅसेट उजेडात धरून पाहावी. पारदर्शक खिडकीतून टेपचे गुंडाळे दिसते. ते गडद आणि एकसारखे असावे. त्यावर पांढरे ठिपके, जाळे किंवा पिठासारखा थर असेल तर ती बुरशी होय, आणि महाबळेश्वर, जावळी, पाटणच्या पावसात वर्षानुवर्षे राहिलेल्या कॅसेटमध्ये ती असण्याची शक्यता धरूनच चालावे. अशी कॅसेट यंत्रात मुळीच घालू नये, कारण बुरशी यंत्राच्या हेडला, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागाला, लागते आणि तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटवर जाते. ती जाणकाराकडूनच साफ करून घ्यावी. सांगलीत 2005, 2019 किंवा 2021 च्या महापुरात भिजलेल्या कॅसेटचा प्रश्न आणखी अवघड आहे. टेपच्या वेढ्यांमध्ये गाळ बसलेला असतो, म्हणून ती वरून कोरडी दिसली तरी चालवून पाहण्याचा मोह टाळावा. उन्हात किंवा हेअर ड्रायरने वाळवणेही घातक.

चांगल्या कॅसेटच्या स्टिकरच्या कडेला प्लास्टिकचा एक छोटा चौकोनी तुकडा असतो. तो शाबूत असेल तर मोडून टाकावा, म्हणजे चुकून रेकॉर्डचे बटण दाबले गेले तरी मूळ चित्रण पुसले जात नाही.

यंत्र व्हीसीआर असो वा फक्त कॅसेट दाखवणारे, रेकॉर्ड न करणारे व्हीसीपी, नातेवाइकांकडे किंवा जुन्या व्हिडिओ शूटिंगवाल्यांकडे चौकशी केल्यास बरेचदा मिळते. मिळाल्यावर आधी एखादी टाकाऊ कॅसेट चालवून पाहावी. टेप चुरगळत असेल किंवा आत अडकत असेल तर ते यंत्र आधी दुरुस्त करून घ्यावे. हेड साफ करताना प्लग काढून ठेवावा, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेला मऊ चामड्याचा तुकडा हेड बसवलेल्या गोल ड्रमला हलकेच टेकवून स्थिर धरावा आणि दुसऱ्या हाताने ड्रम सावकाश फिरवावा. चामडे वर-खाली घासल्यास हेड तुटते, आणि कापसाचे धागे त्यात अडकतात, म्हणून कापूस वापरू नये. ज्यांचा हात स्थिर नाही त्यांनी हे काम मेकॅनिकवर सोपवलेले बरे.

आता जोडणी. यंत्राच्या मागच्या पिवळ्या खाचेतून चित्र आणि पांढऱ्या-लाल खाचांतून आवाज बाहेर येतो. त्या तीन वायरी यूएसबी कॅप्चर कार्डला (चित्र-आवाज संगणकाला समजेल असा करून देणाऱ्या छोट्या उपकरणाला) आणि ते कार्ड लॅपटॉपला जोडावे. ओबीएस स्टुडिओ हे मोफत सॉफ्टवेअर या कामाला पुरते. भारतातल्या कॅसेट पाल नावाच्या चित्रपद्धतीच्या असल्याने 720 बाय 576 आणि सेकंदाला 25 फ्रेम ही मापे निवडावीत, चित्राचे प्रमाण 4:3 ठेवावे आणि डीइंटरलेस (एकाआड एक रेषांचे चित्र सलग करण्याची सोय) चालू करावे, नाहीतर हलणाऱ्या माणसांच्या कडा कंगव्याच्या दातांसारख्या दिसतात. अमेरिकेहून आलेली कॅसेट मात्र बहुधा एनटीएससी पद्धतीची असते. तिला तसेच यंत्र आणि तशीच मापे लागतात.

वर्षानुवर्षे न चाललेली कॅसेट आधी एकदा शेवटपर्यंत पुढे नेऊन पुन्हा मागे घ्यावी, म्हणजे टेपचा ताण सारखा होतो. यंत्रात निळा पडदा दाखवण्याची सोय असल्यास ती बंद करावी, कारण सिग्नल जरा कमी झाला की तो पडदा चित्र झाकून टाकतो. मग ट्रॅकिंगच्या बटणाने चित्र स्थिर आणि स्वच्छ दिसेल असे जुळवून रेकॉर्डिंग सुरू करावे. तीन तासांच्या कॅसेटला तीनच तास लागतात. त्याला आडवाट नाही. लॅपटॉपचे आपोआप झोपणे बंद ठेवावे आणि वीज जाण्याची भीती असेल तर यंत्र यूपीएसवर चालवावे. चित्राच्या तळाशी दिसणारी थरथरती पट्टी हा व्हीएचएसचा, म्हणजे या प्रकारच्या कॅसेटचा, स्वभावच आहे, ती दुरुस्त करण्याच्या मागे लागू नये.

लग्नाच्या चित्रणातला पंगतीचा लांबलचक भाग कंटाळवाणा म्हणून कापून टाकण्याची घाई अनेक जण करतात. वास्तविक तिथेच कॅमेरा एकेका चेहऱ्यावरून सावकाश सरकतो, आणि मंगलाष्टकांच्या गर्दीत न दिसलेले आजी-आजोबा, मामा-मावशी तिथेच ओळखू येतात. म्हणून पूर्ण फाइल आधी तशीच ठेवावी आणि छाटणी तिच्या वेगळ्या प्रतीवर करावी.

एमपी4 प्रकारात सेकंदाला 8 मेगाबिट दराने साठवल्यास तासाला सुमारे 3.6 जीबी जागा लागते. फाइलच्या नावात वर्ष, प्रसंग आणि गाव लिहावे. एक प्रत घरच्या हार्ड डिस्कवर आणि दुसरी दुसऱ्या गावातल्या भावंडाकडे असावी. व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवलेली प्रत दर्जा घटवते, तिला या दोन प्रतींत धरू नये. दोन्ही प्रती सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहून झाल्याशिवाय मूळ कॅसेट भंगारवाल्याला देऊ नये.