मनपा शाळांतून एक कशी निवडावी? नाशिकच्या उपनगरांतल्या पालकांसाठी

सिडको असो, म्हसरूळ असो की जेलरोड, शेजारीपाजारी विचारलं की "ती शाळा चांगली आहे" एवढंच कळतं. का चांगली, म्हणाल तर नवा रंग, डिजिटल बोर्ड, गॅदरिंग. यातलं काहीच आपल्या मुलाला वाचायला शिकवणार नाही. म्हणून तुलना इमारतींची नको; आपलं मूल ज्या वर्गात बसणार, त्या वर्गांची करा.

१. यादी करा, पण पायी चालून

आधी शाळा कुणाची ते बघा. शहराच्या हद्दीत मनपाच्या शाळा, गिरणारे-विल्होळीकडे जिल्हा परिषदेच्या, देवळाली कॅम्पात कँटोन्मेंट बोर्डाच्या. अनुदानित शाळा संस्था चालवते, शिक्षकांचा पगार सरकार देतं. उद्या तक्रार करायची झाली तर दार कुठलं ठोठावायचं, हे यावर ठरतं.

नियमानुसार पाचवीपर्यंतची शाळा १ किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची ३ किलोमीटरच्या आत हवी. पण नकाशाला मुंबई-आग्रा महामार्ग फक्त एक रेघ दिसतो. इंदिरानगरच्या बोगद्याजवळून शाळा सुटायच्या वेळी एकदा जाऊन बघा, म्हणजे अर्धा किलोमीटर किती लांब असतो ते समजेल. तीन-चार शाळा यादीत पुरेत.

२. घरबसल्या आकडे काढा

प्रत्येक शाळेला ११ अंकी यूडायस क्रमांक, म्हणजे सरकारी नोंदीतला ओळख क्रमांक, असतो. महाराष्ट्रातल्या शाळांचा २७ ने सुरू होतो. यूडायस प्लस या सरकारी संकेतस्थळाच्या 'नो युवर स्कूल' या पानावर शाळेचं नाव किंवा हा क्रमांक टाकला की पट, शिक्षकसंख्या, माध्यम, स्वच्छतागृहं आणि शाळा कितवीपर्यंत आहे, हे सगळं मिळतं. माहिती साधारण मागच्या वर्षीची असते, हे ध्यानात ठेवा.

शिक्षण हक्क कायदा, २००९ प्रमाणे पहिली ते पाचवीला ३० मुलांमागे एक शिक्षक आणि सहावी ते आठवीला ३५ मुलांमागे एक. पहिली ते चौथीत ९६ मुलं आणि शिक्षक तीनच असतील, तर एका शिक्षकामागे ३२ होतात. शिवाय चार इयत्तांना तीन शिक्षक म्हणजे कुणीतरी दोन वर्ग एकत्र घेतंय, आणि खरी अडचण तीच.

३. चालू शाळेत जा

जूनमधल्या प्रवेशोत्सवात फुगे आणि गुलाबाची फुलं दिसतात. त्यापेक्षा जानेवारी-फेब्रुवारीतला साधा मंगळवार निवडा आणि आधी विचारून जा. मुख्याध्यापकांना तीन प्रश्न विचारा: मंजूर पदं किती, भरलेली किती? पुढच्या वर्षी पहिलीला कोण असणार? कुणाकडे बीएलओचं, म्हणजे मतदार यादीचं, काम आहे का? निवडणुकीचं काम कायद्यातच बसतं, त्यात शिक्षकांचा दोष नाही. पण वर्ग मागे राहतो तो राहतोच.

मग दुसरीच्या चार-पाच वह्या बघायला मागा. या भेटीत सगळ्यात जास्त वेळ इथेच द्या. ५२ − २७ ही वजाबाकी शोधा. बरीच मुलं उत्तर ३५ लिहितात, कारण एककात मोठ्यातून लहान वजा करून मोकळी होतात. त्यावरही लाल पेनाची बरोबरची खूण असेल, तर वही न बघताच तपासली गेलीय. चुकीला गोल करून खाली तीच वजाबाकी मुलाने हातचा घेऊन पुन्हा केलेली दिसली, तर त्या बाईंचं नाव लिहून ठेवा. सगळ्या वह्यांत एकच मजकूर, एकाही ठिकाणी खाडाखोड नाही, असं असेल तर तो फळ्यावरून उतरवलेला आहे. मला तरी अशा सुंदर अक्षराच्या वह्यांचा भरवसा वाटत नाही.

बाकीचं झटपट होतं. नळाला पाणी आहे का, मुलींच्या स्वच्छतागृहाला आतून कडी लागते का, पोषण आहार मुलं खरंच खातात का.

४. समितीतल्या पालकांना गाठा

शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के सदस्य पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. एखाद्या सदस्य आईला विचारा, मागची सभा कशावर झाली? आपण सदस्य आहोत हेच तिला ठाऊक नसेल, तर पुढचं विचारायची गरज नाही.

५. पुढचं आत्ताच विचारा

शाळा सातवी-आठवीला संपत असेल तर मुलं पुढे कुठे जातात? सेमी इंग्रजी असेल तर गणित-विज्ञान इंग्रजीतून नक्की कोण शिकवतं, आणि ते कितवीपासून?

६. ठरवा

एका कागदावर शाळा आडव्या, मुद्दे उभे मांडा. पण गुणांची बेरीज करू नका. वर्गाला शिक्षक नाही किंवा मुलींना धड स्वच्छतागृह नाही, ती शाळा बाद. डिजिटल बोर्डाने ती उणीव भरून निघत नाही. दोन शाळा सारख्याच वाटल्या तर जवळची घ्या.

प्रवेशाच्या वेळी मुलाची किंवा पालकांची चाचणी घेता येत नाही, देणगीही मागता येत नाही. जन्मदाखला नाही किंवा आधीच्या शाळेचा दाखला यायचा आहे, या कारणावरून पहिली ते आठवीचा प्रवेश नाकारता येत नाही. तरीही कुणी नाही म्हणालं, तर ते लेखी मागा आणि शिक्षण विभागात अर्ज द्या.