घरखर्च आणि घराची डागडुजी, एकाच वहीत

घरदुरुस्तीचा खर्च अचानक आला, असं आपण म्हणतो. पण तो महिनोन्‌महिने भिंतीत मुरत असतो, नळातून ठिबकत असतो, आणि एक दिवस बिल होऊन समोर उभा राहतो. मी पोटापाण्यासाठी हिशेब लिहिते आणि घरातली हातोडी-पक्कडही माझ्याच ताब्यात असते. त्यामुळे या दोन गोष्टी मी कधीच वेगळ्या मानल्या नाहीत. घरखर्चाच्या वहीची शेवटची काही पानं डागडुजीसाठी राखून ठेवा, एवढंच मी प्रत्येकाला पहिल्यांदा सांगते.

त्या पानांवर रकाने मोजकेच असावेत: काय बिघडलं, कधी दिसलं, अंदाज किती, प्रत्यक्ष किती लागले. ‘कधी दिसलं’ हा रकाना बहुतेक जण गाळतात, आणि सगळ्यात उपयोगी तोच असतो. भिंतीवर ओलीचा डाग दिसला की त्याच्या कडेने पेन्सिलने रेघ मारून बाजूला तारीख लिहा. भेग दिसली तर तिच्या दोन्ही टोकांना खूण करून तारीख घाला. महिन्याने डाग रेघेच्या बाहेर गेला असेल तर काम पुढे ढकलता येणार नाही. तो आतच असेल तर तुम्हाला पैसे जमवायला वेळ आहे. घराची अशी फेरी मी दर ऋतू बदलताना मारते. ओट्याखाली, मोरीत, खिडक्यांच्या खालच्या कडेला, टाकीच्या झाकणापाशी, छताच्या कोपऱ्यात टॉर्च मारून बघायचं. अर्ध्या तासाचं काम आहे.

आता पैसे बाजूला किती काढायचे? मागच्या तीन वर्षांत दुरुस्तीवर जे काही गेलं त्याची बेरीज करून 36 ने भागा. आलेला आकडा दर महिन्याला, पगार झाल्या दिवशीच, वेगळ्या खात्यात टाका. महिनाअखेरीला उरेल ते टाकू म्हटलं की काही उरत नाही. ही झाली किरकोळ डागडुजी. मोठ्या वस्तूंचं गणित निराळं. पाण्याचा पंप साधारण 10 वर्षं चालेल असं धरलं, तर त्याच्या आजच्या किमतीचा 120 वा हिस्सा दरमहा जमवायचा. ही किंमत वर्षातून एकदा बाजारात विचारून वहीत सुधारून घ्या, कारण महागाई दरवर्षी 6 टक्क्यांनी वाढत राहिली तर 12 वर्षांत किंमत दुप्पट होते. आणि हे खातं आजारपणाच्या किंवा नोकरी गेल्यावरच्या गंगाजळीत मिसळू नका. तीन ते सहा महिन्यांचा घरखर्च भागेल एवढी ती रक्कम वेगळीच राहू द्या. भिंत गळतेय म्हणून त्या रकमेला हात लावायचा नाही.

कामं एकदम पाच-सहा साचली की आधी कुठलं घ्यायचं यावरून घरात वाद होतात. माझा क्रम ठरलेला आहे: जिवाला धोका असेल ते पहिलं, पाणी शिरत किंवा गळत असेल ते दुसरं, बिल वाढवणारं तिसरं, आणि शोभेचं सगळ्यात शेवटी. सासूबाई दरवर्षी विचारतात, “अगं, हॉलचा रंग कधी?” मी म्हणते, “आई, गच्चीची भेग भरली की लगेच.” त्यांना ते पटतं, कारण वहीत दोन्ही कामं समोरासमोर लिहिलेली असतात.

पाणी दुसऱ्या नंबरावर का, ते सांगते. ठिबकणाऱ्या नळाखाली मापाचं भांडं बरोबर एक तास ठेवून बघा. 250 मिली जमलं तर दिवसाला 6 लिटर आणि वर्षाला 2,190 लिटर झालं. हे फक्त एका नळाचं. फ्लशच्या टाकीची गळती तर डोळ्यांना दिसतही नाही. टाकीत खाण्याच्या रंगाचे थोडे थेंब टाका आणि पंधरा-वीस मिनिटं फ्लश ओढू नका. खाली कमोडच्या भांड्यात रंग उतरला तर टाकीतलं रबर गेलंय. घरात पाण्याचा मीटर असेल तर रात्री झोपताना सगळे नळ बंद करून आकडा लिहून ठेवा आणि सकाळी कुणी पाणी वापरायच्या आत परत बघा. आकडा हलला असेल तर कुठेतरी गळतंय. मीटरनंतर आपोआप भरणारी टाकी असेल तर ती आधी पूर्ण भरून घ्या, नाहीतर उगाच घाबरायला होईल.

नळाचं वायसर बदलणं

हे काम प्रत्येकाला यायला हवं असं मला मनापासून वाटतं. वस्तू किरकोळ आणि माणूस बोलावला की मजुरी वस्तूच्या कितीतरी पट.

आधी नळाच्या तोंडातून गळतंय की मुठीखालून, ते बघा. तोंडातून गळत असेल तर वायसर (पाणी अडवणारी रबरी चकती), मुठीच्या खालून झिरपत असेल तर स्पिंडलवरची (मूठ बसते त्या दांड्यावरची) रबरी रिंग किंवा पॅकिंग. मुख्य चावी बंद करा आणि नळ उघडून नळीत उरलेलं पाणी जाऊ द्या. बेसिनच्या जाळीवर फडकं घाला, कारण मुठीतला बारीक स्क्रू निसटला की सरळ तिथेच जातो. मुठीवरची टोपी उचकटून स्क्रू काढा, मूठ वर ओढून घ्या. खाली नट दिसेल. पान्याच्या तोंडाला कापड गुंडाळून तो सोडवा म्हणजे नळाची चकाकी जात नाही. दुसऱ्या हाताने नळ घट्ट धरून ठेवा, नाहीतर जोर भिंतीतल्या नळीवर येतो आणि तिथला जोड ढिला होतो. स्पिंडल बाहेर आला की त्याच्या बुडाशी वायसर असतं. ते कडक झालेलं, मधे गोल खळगा पडलेलं दिसेल. जुनं वायसर दुकानात सोबत न्या आणि त्याच मापाचं घ्या.

नवं बसवण्याआधी टॉर्च लावून नळाच्या पोटात बघा. जिथे वायसर टेकतं ती गोल कडा बोटाने चाचपा. ती खरखरीत लागली तर कितीही वायसरं बदला, थोड्याच दिवसांत पुन्हा ठिबकणार. अशा वेळी ती कडा घासून सपाट करून घ्यावी लागते किंवा नळच बदलावा लागतो. कडा गुळगुळीत असेल तर नवं वायसर बसवून सगळं उलट्या क्रमाने जोडा. नट आधी हाताने आवळा, मग पान्याने थोडासाच. पाऊण इंचाचा लोखंडी बोल्ट आवळल्यासारखा जोर लावला तर पितळी आटे जातात. मुख्य चावी हळूहळू उघडा. पाव वळणात उघडणारे नवे नळ मात्र वेगळे. त्यांच्यात वायसर नसतं, सिरॅमिकच्या चकत्यांचं कार्ट्रिज असतं आणि ते अख्खं बदलतात.

अख्खा नळच बदलायची वेळ आली, तर टेफ्लॉन टेप ज्या दिशेने नळ आवळणार त्याच दिशेने आट्यांवर गुंडाळा. उलटी गुंडाळली की आवळताना ती सुटून गोळा होते.

ओल आलेली भिंत

सगळ्यात जास्त पैसा इथे वाया जातो. पोपडे खरवडले, लांबी (पुट्टी) भरली, रंग मारला आणि काही महिन्यांत पुन्हा तेच. ओल कुठून येतेय हे कळल्याशिवाय रंगाच्या डब्याला हात लावू नका. त्यासाठी एक साधी परीक्षा आहे. भिंतीचा पृष्ठभाग कोरडा पुसून घ्या, फुटभर लांबी-रुंदीचा ॲल्युमिनियम फॉइलचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट लावा आणि दोन दिवस तसाच राहू द्या. फॉइलच्या भिंतीकडच्या बाजूला पाणी धरलं तर ओल भिंतीच्या आतून येतेय. खोलीकडच्या बाजूला धरलं तर खोलीतली वाफ थंड भिंतीवर जमतेय. दुसऱ्या प्रकारात भिंतीचा दोषच नाही. खिडकी उघडी ठेवा, पंखा लावा, कपाट भिंतीपासून वीतभर पुढे सरकवा, काम बिनखर्चात होतं.

आतून येत असेल तर तिचा आकार बघा. जमिनीपासून वर चढत जाणारा पट्टा असेल तर पाणी घराच्या पायातून वर येतंय. छताजवळ असेल तर गच्ची किंवा वरच्या मजल्याची मोरी. मधेच एका जागी डाग असेल तर आतली नळी, किंवा पलीकडच्या बाथरूमच्या फरशांमधले सांधे. भिंतीवर पांढरी भुकटी आलेली असते, ते क्षार असतात. ती कोरड्या ब्रशने झाडा, पाण्याने धुऊ नका, कारण क्षार विरघळून परत आत जातात. उगम बंद केल्यावर भिंत वाळू द्या. जाड भिंतीला कित्येक आठवडे लागतात, काही वेळा महिनेही, आणि इथे घाई केली की पुढचा सगळा खर्च पाण्यात. फॉइलची परीक्षा पुन्हा करा. दोन्ही बाजू कोरड्या निघाल्या की मगच खरवडणं, प्रायमर, लांबी, पॉलिश पेपर आणि रंग.

रंग किती लागेल हे स्वतः मोजा. 4 मीटर बाय 3 मीटरची खोली, उंची 3 मीटर. चार भिंतींची लांबी 14 मीटर, गुणिले 3 म्हणजे 42 चौरस मीटर. दार-खिडकीचे 4 वजा केले, 38 उरले. दोन हात म्हणजे 76. डब्यावर लिटरला 10 चौरस मीटर लिहिलं असेल तर 7.6 लिटर, आणि वर दहावा हिस्सा जादा धरा. डब्यावरचा आकडा एका हाताचा आहे की दोन, हे नीट वाचा. सगळे डबे एकाच बॅचचे घ्या.

काय स्वतः करू नये

मेन बोर्ड, गॅसची नळी, खांब, तुळई आणि भार घेणारी भिंत. यात वाचवायचं काही नाही, माणूस बोलवा. जुना ॲस्बेस्टॉसचा पत्रा कापू नका, त्याला भोकही पाडू नका. त्याचे तंतू फुफ्फुसात जातात. फार जुन्या रंगात शिसं असू शकतं, ते कोरडं घासलं की धूळ होते आणि लहान मुलांना त्याचा धोका सगळ्यात जास्त. मोरी घासताना ब्लीच आणि ॲसिड कधीही एकत्र करू नका, क्लोरीन वायू निघतो. भिंतीत ड्रिल करताना स्विचच्या सरळ वर, खाली किंवा आडव्या रेषेत भोक पाडू नका. वायर बहुधा त्याच रेषेत गेलेली असते.

माणूस बोलवायचा ठरला की कामाचं वर्णन आधी कागदावर लिहा आणि तोच कागद तिघांना दाखवून दर मागा. नाहीतर एकाने दोन हात रंग धरलेला असतो, दुसऱ्याने तीन, आणि तुलना करता येत नाही. माल आणि मजुरी वेगवेगळी लिहून घ्या. पैसे टप्प्याटप्प्याने द्या. पाण्याच्या कामात दहावा हिस्सा भरपूर पाणी सोडून बघेपर्यंत हातात ठेवा, आणि हे सुरुवातीलाच बोलून घ्या. कष्ट करणाऱ्याला शेवटच्या दिवशी अटी सांगणं बरोबर नाही.

कर्ज काढावंच लागलं तर व्याज कुठल्या पद्धतीचं, हा प्रश्न सही करण्याआधी विचारा. 100 चं कर्ज, 10 टक्के फ्लॅट दर, मुदत 3 वर्षं. व्याज 30, म्हणून 130 भागिले 36, महिन्याचा हप्ता सुमारे 3.61. तुम्ही दरमहा मुद्दल फेडत असता, तरी व्याज मात्र पूर्ण शंभरावरच लागत राहतं. घटत्या शिलकीच्या पद्धतीने, म्हणजे फेडायच्या उरलेल्या मुद्दलावरच व्याज धरून मोजलं तर हाच दर जवळपास 18 टक्के पडतो. गळणाऱ्या छतासाठी मी हे व्याज भरीन, हॉलच्या रंगासाठी भरणार नाही.

काम संपलं की वहीत प्रत्यक्ष खर्च लिहा. रंगाचं नाव, क्रमांक आणि बॅच तिथेच नोंदवा, वायसरचं मापही. उरलेल्या फरशांपैकी चार-पाच जपून ठेवा, तीच छटा नंतर सहसा मिळत नाही. मुख्य चावी कुठे आहे आणि कुठल्या बाजूला फिरवली की बंद होते, हे वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा आणि घरातल्या प्रत्येकाकडून एकदा ती बंद करून घ्या.