मोटारस्पोर्ट आणि लक्झरीचा धंदा : या चुका टाळा

मोटारस्पोर्टमध्ये पैसा ओतणारे खूप झाले, त्यातून लक्झरीचा टिकाऊ धंदा उभा करणारे मोजकेच. त्या मोजक्यांत उद्योगपती मन्सूर ओजेह यांचं नाव वर घ्यावं लागतं. त्यांच्या कुटुंबाची ‘टॅग’ कंपनी आधी फॉर्म्युला वनमधल्या विल्यम्स संघाची प्रायोजक होती. गाडीवर नुसतं नाव रंगवून घेण्यात ते समाधानी राहिले नाहीत. पोर्शेकडून टर्बो इंजिन बनवून घेण्याचा खर्च त्यांनी उचलला, त्यावर टॅगचं नाव घातलं आणि ते मॅक्लारेन या दुसऱ्या संघाला दिलं. १९८४, १९८५ आणि १९८६ अशी सलग तीन वर्षं ड्रायव्हरचं जगज्जेतेपद त्याच इंजिनावर आलं. याच काळात त्यांनी मॅक्लारेनमध्ये मालकी हिस्सा घेतला आणि १९८५ मध्ये डबघाईला आलेली हॉयर ही स्विस घड्याळ कंपनी विकत घेतली. १९९९ मध्ये टॅग हॉयर एलव्हीएमएच या फ्रेंच लक्झरी समूहाला विकली गेली, तेव्हा या सगळ्याचे पैसे झाले.

यातला क्रम बघा. आधी प्रायोजक, मग इंजिनाचा मालक, मग संघाचा भागीदार, मग ब्रँडचा मालक. शर्यतीतून नाव होतं. पैसा येतो तो कागदोपत्री जे तुमच्या मालकीचं आहे त्यातून. या धंद्यात माणसं बुडतात ती बहुधा हा फरक विसरल्यामुळे.

उसन्या नावावर संघ उभा करणं

एअरएशियाचे टोनी फर्नांडिस २०१० मध्ये ‘लोटस रेसिंग’ या नावाने फॉर्म्युला वनमध्ये उतरले. नाव ग्रुप लोटस या मोटार कंपनीकडून परवान्यावर घेतलेलं होतं. पहिल्याच वर्षानंतर तो परवाना गेला. मग त्यांनी ‘टीम लोटस’ हे जुनं नाव दुसरीकडून विकत घेतलं. परिणाम असा की २०११ च्या ग्रिडवर लोटस नावाचे दोन संघ उभे राहिले आणि वाद लंडनच्या हायकोर्टात गेला. शेवटी तडजोड होऊन २०१२ पासून संघाचं नाव कॅटरहॅम झालं. पाच हंगामांत या संघाला एकही गुण मिळाला नाही. २०१४ मध्ये संघ विकला गेला, ऑक्टोबरमध्ये प्रशासकांच्या (बुडीत कंपनी सांभाळायला नेमलेल्या लोकांच्या) ताब्यात गेला आणि शेवटच्या अबू धाबीच्या शर्यतीसाठी लोकांकडून वर्गणी काढावी लागली. वेगाची अडचण होतीच, पण जे नाव मोठं करण्यात पहिले दोन हंगाम गेले ते नाव हातात राहिलं नाही, हे नुकसान वेगळं.

नाव परवान्यावर घ्यायचंच असेल तर करारात चार गोष्टी स्पष्ट लिहून घ्या. मुदत किती, हे पहिलं. समोरचा कोणत्या कारणाने करार मोडू शकतो आणि त्यासाठी किती दिवसांची नोटीस देईल, हे दुसरं. तुमच्या कामामुळे नावाची जी पत वाढेल ती कोणाची, हे तिसरं. आणि करार संपल्यावर छापून ठेवलेला माल खपवायला किती महिने मिळतील, हे चौथं. ही शेवटची ओळ बहुतेक जण विसरतात आणि टी-शर्ट, टोप्या, घड्याळांचे डायल गोदामात पडून राहतात.

स्वतःचं नाव असेल तर ट्रेडमार्क पहिल्या शर्यतीच्या आधी टाका. वर्ग १२ वाहनांचा, १४ घड्याळं-दागिन्यांचा, २५ कपड्यांचा आणि ४१ क्रीडा कार्यक्रमांचा. भारतात ऑनलाइन अर्जाला कंपनीसाठी दर वर्गाला ९,००० रुपये आणि व्यक्ती, स्टार्टअप किंवा लघुउद्योगासाठी ४,५०० रुपये शुल्क आहे. नोंदणी दहा वर्षांची असते. टायरच्या एका सेटपेक्षा स्वस्त पडणारं हे काम लोक पुढे ढकलत राहतात, हे खरोखर दुर्दैवाचं आहे.

मालकाच्या खिशावर संघ चालवणं

फोर्स इंडियाची गोष्ट भारतीय वाचकाने नीट समजून घ्यायला हवी, कारण ती हरलेल्या संघाची गोष्ट नाही. विजय मल्ल्या आणि मिखिल मोल यांनी २००७ मध्ये स्पायकर संघ घेतला. २००८ पासून तो फोर्स इंडिया झाला. २००९ मध्ये बेल्जियमला ड्रायव्हर फिसिकेलाने पोल, म्हणजे सुरुवातीची पहिली जागा, घेऊन दुसरा क्रमांक मिळवला. २०११ मध्ये सहारा समूह ४२.५ टक्के हिस्सा घेऊन आत आला. २०१६ आणि २०१७ अशी दोन्ही वर्षं संघ चौथा आला, तोही आपल्यापेक्षा कितीतरी मोठं बजेट असलेल्या संघांना मागे टाकून.

आणि तरीही जुलै २०१८ मध्ये हंगेरीच्या शर्यतीच्या आठवड्यात संघ प्रशासकांकडे गेला. किंगफिशर एअरलाइन्स २०१२ मध्येच जमिनीवर आली होती, सहाराही अडचणीत होता. दोन्ही मालकांचे खिसे आटले आणि संघाची स्वतःची गंगाजळी नव्हती. खुद्द ड्रायव्हर सर्जिओ पेरेझचेच पैसे थकले होते. संघ पूर्ण बंद पडू नये म्हणून त्यानेच अर्ज केला. लॉरेन्स स्ट्रोल यांच्या गटाने संघ घेतला तो शेअर न घेता फक्त मालमत्ता घेऊन, कारण मल्ल्यांच्या शेअरवर भारतीय बँकांचे दावे होते. प्रवेश नवा धरला गेल्याने तोवर कमावलेले ५९ गुण पुसले गेले. चारशेहून अधिक लोकांच्या नोकऱ्या वाचल्या, हे त्यातल्या त्यात समाधान. पिटमध्ये रात्रभर गिअरबॉक्स उघडणाऱ्या माणसाचा मालकाच्या विमान कंपनीशी काय संबंध?

म्हणून संघ वेगळ्या कंपनीत ठेवा. तिचं बँक खातं वेगळं आणि मालकाच्या इतर कर्जाला तिचा जामीन नको. हंगामाची नोंदणी करण्यापूर्वी पगार, गाडीचं भाडं आणि टायर-इंधन यांचा शेवटच्या फेरीपर्यंतचा खर्च सही झालेल्या करारांतून भागतो का, ते पाहा. ‘बोलणी चालू आहेत’ असा प्रायोजक या हिशेबात शून्य धरायचा.

हिशेब चुकतो तो ठरावीक ठिकाणी. पुणे किंवा कोल्हापूरच्या संघाला चेन्नईच्या किंवा कोइम्बतूरच्या ट्रॅकवर जायचं तर ट्रक हजार-बाराशे किलोमीटर जातो आणि तितकाच परत येतो. प्रत्येक फेरीला हे भाडं, शिवाय मेकॅनिकचा मुक्काम. पहिल्या बजेटमध्ये ही ओळ निम्मीच धरलेली असते. दुसरी जागा अपघाताची. सिंगल-सीटरला पहिल्या वळणावर धक्का लागला की सहसा एक पूर्ण पुढचा कोपरा जातो : नोज, फ्रंट विंग, वरचा-खालचा विशबोन, पुशरॉड, स्टिअरिंगचा ट्रॅक रॉड आणि एक रिम. बाजूने धडक बसली तर रेडिएटरही. असा एक पूर्ण संच ट्रकमध्ये हवा आणि दुसऱ्या संचाचे पैसे बँकेत वेगळे हवेत. नाहीतर शनिवारी गाडी ठोकली की रविवारची एन्ट्री फी, टायर, हॉटेल सगळं वाया जातं, आणि प्रायोजकाला दाखवायला गाडी नसते.

प्रायोजकाचे हप्ते निकालाला बांधू नका. सहीवेळी ४० टक्के, पहिल्या फेरीआधी ३० आणि हंगामाच्या मध्यावर ३० ही विभागणी सोयीची पडते, कारण तुमचा खर्चही असाच सुरुवातीला जास्त असतो. परदेशी मालिकेत उतरणार असाल तर उत्पन्न रुपयात आणि बिलं युरो-पौंडात येतात. निदान पहिल्या दोन हप्त्यांचा विनिमय दर बँकेकडून बांधून घ्या.

प्रायोजकाची चौकशी न करणं

फॉर्म्युला वनच्या हास संघाने २०१९ साठी रिच एनर्जी या पेयाच्या कंपनीला मुख्य प्रायोजक केलं. कंपनीच्या जाहीर हिशेबात शिल्लक नगण्य दिसत होती. मे महिन्यात कंपनी बोधचिन्हाच्या कॉपीराइटचा खटला हरली, जुलैमध्ये तिच्याच ट्विटर खात्यावरून करार मोडल्याची घोषणा झाली आणि सप्टेंबरमध्ये नातं संपलं. तीन वर्षांनी नोव्हेंबर २०२२ मध्ये एफटीएक्स हा क्रिप्टो चलनाचा बाजार कोसळल्यावर त्याचं प्रायोजकत्व घेतलेल्या मर्सिडीजला ब्राझीलच्या शर्यतीआधी घाईघाईने गाडीवरची त्याची नावं काढावी लागली.

ब्रिटिश कंपनीचे हिशेब कंपनीज हाउसच्या संकेतस्थळावर फुकट बघता येतात. भारतीय कंपनीचे एमसीएच्या (कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या) पोर्टलवर थोडं शुल्क भरून मिळतात. मागच्या दोन वर्षांचा ताळेबंद काढा आणि बँकेतली शिल्लक तुमच्या हप्त्याशी ताडून पाहा. नियम एकच ठेवा : पैसे जमा झाल्यावर स्टिकर.

कराचीही एक मेख आहे. प्रायोजकत्वावर १८ टक्के जीएसटी आहे. पूर्वी तो रिव्हर्स चार्जने प्रायोजक भरत असे. १६ जानेवारी २०२५ पासून प्रायोजकत्व देणारा संघ कंपनी असेल तर कर त्यानेच बिलात लावून भरायचा आहे. जुना करार ‘सर्व करांसह’ अशा शब्दांत असेल तर हे १८ टक्के तुमच्या अंगावर येतात. शब्द बदलून घ्या.

करंडकावर माल खपेल, ही समजूत

जॅक हॉयर यांनी १९६९ मध्ये ड्रायव्हर जो सिफेर्टला घड्याळांसाठी करारबद्ध केलं, पुढे फेरारीच्या वेळमोजणीचं कामही केलं. शर्यतीच्या जगात हॉयरचं नाव सगळ्यांच्या तोंडी होतं. तरी क्वार्ट्झ घड्याळांच्या लाटेत कंपनी गळ्याशी आली आणि १९८२ मध्ये त्यांना स्वतःच्याच कंपनीतून बाहेर पडावं लागलं. शर्यत गिऱ्हाईक दुकानाच्या दारापर्यंत आणते. आतला माल आजचा असावा लागतो.

शर्यत भरवताना परवानग्या मागाहून घेणं

दिल्लीजवळच्या बुद्ध सर्किटवर २०११ ते २०१३ अशा तीनच फॉर्म्युला वन शर्यती झाल्या. ती क्रीडा की करमणूक, यावरून कराचा वाद सुरुवातीपासून होता. पुढे २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने परदेशी हक्कधारक कंपनीचं भारतात ‘कायम आस्थापन’ (धंद्याचं ठरलेलं ठिकाण) होतं, म्हणून इथे कर लागतो, असा निकाल दिला. आयोजकाने हक्काचा करार करण्याआधीच कर सल्लागाराकडून दोन गोष्टी लेखी घ्याव्यात : तिकिटावर कोणता कर, आणि परदेशी हक्कधारकाला पैसे पाठवताना टीडीएस किती कापायचा.

त्याच सर्किटवर सप्टेंबर २०२३ मध्ये झालेल्या मोटोजीपी या मोटारसायकल शर्यतीला मार्क मार्केझसारख्या रायडरलाही व्हिसा उशिरा मिळाला आणि उष्म्यामुळे मुख्य शर्यत २४ फेऱ्यांवरून २१ वर आणावी लागली. व्हिसाची निमंत्रणपत्रं रायडरबरोबर मेकॅनिक आणि टायर तंत्रज्ञ यांनाही एकाच दिवशी पाठवा. जानेवारी २०२४ मध्ये पुण्याच्या बालेवाडीत सुपरक्रॉस (स्टेडियममधल्या मातीच्या ट्रॅकवरची मोटारसायकल शर्यत) लीग सुरू झाली, त्यामुळे हा विषय आता मराठी आयोजकांच्याही दाराशी आला आहे.

शोरूममधल्या चुका

मोटारस्पोर्टमधली ओळख वापरून जुन्या आलिशान गाड्या विकणं, हा आपल्याकडे सर्वांत जास्त निवडला जाणारा मार्ग. नुकसानही इथेच जास्त होतं.

आधी आकडे बघू. गाडी ६० लाखांना घेतली, दुरुस्तीवर ४ लाख घातले, ६८ लाखांना विकली. अशा जुन्या आलिशान गाडीवर २५ जानेवारी २०१८ पासून खरेदी-विक्रीच्या फरकावर १८ टक्के जीएसटी आहे आणि दुरुस्तीचा खर्च त्या फरकातून वजा होत नाही. ६८ लाखांत कर धरलेला असेल तर ८ लाखांच्या फरकातून सुमारे १ लाख २२ हजार कर जातो. दुरुस्ती वजा करून हातात पावणेतीन लाख. आता ६० लाखांवर वर्षाला १२ टक्के व्याज धरा : महिन्याला ६० हजार. गाडी पाचव्या महिन्यापर्यंत उभी राहिली की नफा संपला. दोन महिन्यांत न खपणारी रंगसंगती स्वस्तात मिळाली तरी घेऊ नका.

कागद तपासताना चासी नंबर तीन ठिकाणी जुळवा : गाडीवर, आरसीवर आणि आयातीच्या बिल ऑफ एंट्रीवर. बिल ऑफ एंट्रीत आयातदार परदेशी वकिलातीतला अधिकारी असेल तर शुल्क भरल्याचा पुरावा मागा. अशा सवलतीत आणलेल्या गाड्या बाजारात विकण्याच्या रॅकेटवर महसूल गुप्तचर संचालनालयाने २०२१ मध्ये कारवाई केली होती. शुल्क बुडवलेली गाडी जप्त होते ती ज्याच्या ताब्यात आहे त्याच्याकडून. कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि गाडीवरचा कर्जाचा बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. परराज्याच्या नंबरची गाडी महाराष्ट्रात बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर इथे नोंदवून कर भरावा लागतो. ती रक्कम गिऱ्हाइकाला सौद्याच्या आधी सांगा. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याला आरटीओचं अधिकारपत्र लागतं आणि गाडी ताब्यात घेतल्याची सूचना फॉर्म २९सी ने द्यावी लागते.

गाडीची तपासणी शर्यतीच्या नजरेने करा. टायरवरच्या डॉट क्रमांकाचे शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. कमी चाललेल्या सुपरकारची नक्षी नवी दिसते, रबर मात्र दगड झालेलं असतं. कार्बन-सिरॅमिक ब्रेक डिस्कची झीज निव्वळ जाडीवर कळत नाही. डिस्कवर किमान वजन कोरलेलं असतं, ती काढून तोलायची. पोर्शेमध्ये इंजिनच्या कंट्रोल युनिटात जास्त आरपीएमच्या नोंदी सहा पट्ट्यांत साठतात. वरच्या तीन पट्ट्यांत अलीकडच्या तासांची नोंद असेल तर कोणीतरी ट्रॅकवर चुकून खालचा गिअर टाकला आहे. अशा गाडीचा भाव पाडून घेण्यापेक्षा ती सोडून द्या.

पैसे घेताना एका व्यवहारात २ लाख किंवा त्याहून जास्त रोख स्वीकारू नका. दंड तेवढ्याच रकमेचा होतो. १० लाखांवरच्या मोटारीवर १ टक्का टीसीएस (विक्रेत्याने गिऱ्हाइकाकडून घेऊन सरकारकडे भरायचा आयकर) गोळा करावा लागतो, हे बहुतेकांना ठाऊक आहे. २२ एप्रिल २०२५ पासून तो मनगटी घड्याळं, हँडबॅग, कलाकृती, सनग्लासेस, यॉट यांनाही लागू आहे आणि पूर्ण रकमेवर लागतो, १० लाखांच्या वरच्या भागावर नाही. गाडीबरोबर घड्याळाचं कपाट ठेवणाऱ्यांनी बिलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये ही नोंद आजच करून घ्यावी.

व्हिंटेज गाड्यांचं वेगळं आहे. पन्नास वर्षांवरच्या मूळ स्थितीतल्या गाडीला ‘व्हीए’ मालिकेचा नंबर मिळतो, नव्या नोंदणीला २०,००० रुपये आणि दहा वर्षांनी नूतनीकरणाला ५,००० रुपये. पण ती रोज रस्त्यावर किंवा व्यावसायिक कामाला वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणं एवढ्यापुरतीच परवानगी. लग्नात भाड्याने देण्याच्या हिशेबाने कोणी गिऱ्हाईक अशी गाडी मागत असेल तर बयाणा घेण्याआधी त्याला हे सांगा.