आधी झाडाचं नाव, मग ग्राइंडर: औषधी वनस्पती तपासताना या चुका टाळा

प्रोजेक्टचे दिवस आले की माझ्या टेबलावर वह्यांचा ढीग पडतो. काही आमच्याच मुलांच्या, काही बाहेरची परीक्षक म्हणून जाते तिथल्या. झाडं ठरलेली: गुळवेल, अडुळसा, तुळस, शेवगा. निष्कर्षही ठरलेला: ‘सदर वनस्पतीत अल्कलॉइड, फ्लॅव्होनॉइड, टॅनिन व सॅपोनिन आढळले.’ अमुक आढळलं नाही, असं लिहिलेली वही इतक्या वर्षांत क्वचितच हाती आली. सगळ्यांना सगळंच सापडायला लागलं की मला झाडाची नाही, नळी धुणाऱ्याची शंका येते.

थट्टा नाही ही. सॅपोनिनची परीक्षा म्हणजे अर्क पाण्यात घालून जोरजोरात हलवायचा आणि फेस दहा-पंधरा मिनिटं टिकतो का ते बघायचं. नळीत साबणाचा अंश राहिला असेल तर नुसतं पाणीही फेसाळतं. म्हणून मी शेजारी दोन नळ्या ठेवायला लावते, एकीत नुसतं पाणी, दुसरीत रिठ्याचं. पाण्याला फेस नको, रिठ्याला हवाच. या दोन नळ्या नसल्या तर मी त्या पानावर सही करत नाही. मुलांना हा छळ वाटतो. वाटू दे.

पण पुष्कळदा काम नळीपर्यंत येण्याआधीच, झाडाखालीच बिघडलेलं असतं.

काही वर्षांपूर्वी एका मुलानं अशोकाच्या सालीवर काम घेतलं. हुशार मुलगा, हात स्वच्छ, वही नीटनेटकी. साल वाळवली, दळली, सॉक्सलेटला (गरम विद्रावक पुन्हा पुन्हा फिरवून अर्क काढायचं काचेचं उपकरण) लावली, मिथेनॉलचा अर्क काढला, सगळ्या परीक्षा केल्या. फेब्रुवारी संपत आला तेव्हा मी सहज विचारलं, “साल आणलीस कुठून?”

“सोसायटीतून, मॅडम. गेटपासून पार्किंगपर्यंत दोन्ही बाजूंना अशोकच आहेत आमच्याकडे.”

मी कपाळाला हात लावला. कुंपणाच्या कडेनं खांबासारखी सरळसोट वाढलेली ती झाडं म्हणजे आसोपालव, ज्याला आपण खोटा अशोक म्हणतो. त्याचं पान साधं, लांबट, कडेनं लाटा असलेलं. फुलं हिरवट-पिवळी, चांदणीसारखी, शोधल्याशिवाय दिसत नाहीत. फळं पिकली की जांभळी-काळी होतात, रात्री वटवाघळं ती खातात आणि सकाळी गाड्यांच्या टपावर बिया पडलेल्या असतात. खऱ्या अशोकाचं, म्हणजे सीतेच्या अशोकाचं, पान संयुक्त असतं, एका देठावर पर्णिकांच्या चार-सहा जोड्या. कोवळी पालवी तांबूस, मरगळल्यासारखी लोंबणारी. फुलांचे केशरी-लाल गुच्छ जुन्या फांद्यांवर, कधी थेट खोडावर. फळ म्हणजे चपटी शेंग. दोघांची कुळंसुद्धा वेगळी: हा शेंगांच्या कुळातला, तो सीताफळाच्या. वैद्य स्त्रीरोगांवर देतात ती साल सीतेच्या अशोकाची.

गंमत म्हणजे त्याचे निकाल वाईट नव्हते. जिवाणूंवर त्याचा अर्क छान चालला होता, कारण आसोपालवातली डायटर्पीन नावाची काही रसायनं जिवाणूंना मारक असतात. म्हणजे प्रयोग झाला होता चांगला, पण दुसऱ्याच झाडावर. शेवटी शीर्षक बदललं, प्रस्तावना नव्यानं लिहिली आणि चार रात्री जागून त्यानं वही पुन्हा उतरवली. चूक माझीही होती. शीर्षकावर सही करताना मी झाड बघायला मागितलं नव्हतं.

तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे: आधी नंबर, मग ग्राइंडर. फुलाफळासकट फांदी आणायची, वर्तमानपत्रात दाबून वाळवायची, हर्बेरियम शीट करायची, म्हणजे कागदावर चिकटवून माहिती लिहायची, आणि ओळख पटवून घ्यायची. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र आहे, आघारकर संशोधन संस्था आहे. तिथून ओळख आणि व्हाउचर नंबर, म्हणजे त्या नमुन्याचा नोंदणी क्रमांक, आल्याशिवाय मी दळू देत नाही. “पण मॅडम, त्यात वेळ जातो,” असं दरवर्षी कुणीतरी म्हणतंच. चार रात्री जागण्यात जातो त्याहून कमीच जातो. आणि झाडाऐवजी दुकानातून साल आणली म्हणजे सुटलो असंही नाही. खरा अशोक दुर्मिळ झालाय आणि बाजारातल्या सालीत खोट्याची भेसळ होते. दळलेली पावडर तर कधीच आणू नका. पावडरीला ना पान असतं ना फूल.

गुळवेलीचंही तेच. हृदयाच्या आकाराचं पान दिसलं की झाली गुळवेल! तिची एक बहीण आहे, टिनोस्पोरा क्रिस्पा. तिच्या खोडावर मसांसारखे फोड असतात. खोडावरून बोट फिरवून बघायला काय जातं?

वाळवण्याबद्दल थोडक्यात. गच्चीवर उन्हात नको, सावलीत पातळ पसरून. ओला पाला प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून दोन दिवस ठेवलात तर पुढे तपासाल ती बुरशी. तुळशीचं तेल हवं असेल तर सॉक्सलेट सोडा आणि क्लेव्हेंजर, म्हणजे वाफेबरोबर तेल काढायचं उपकरण, घ्या, नाहीतर अर्क आटवताना वास खोलीभर पसरतो आणि बाटलीत काही उरत नाही. हळदीचा अर्क काचेच्या पांढऱ्या बाटलीत खिडकीशी ठेवू नका, कर्क्युमिनला उजेड सोसत नाही. टी.एल.सी.च्या पट्टीवर (अर्कातले घटक वर चढवून वेगळे करायची पट्टी) रेघ पेन्सिलीनं मारा. पेननं मारलीत तर शाईचेच ठिपके वर चढतात. एका मुलानं त्यांचं आरएफ मूल्यही (ठिपका विद्रावकाच्या तुलनेत किती चढला ते) काढलं होतं, दोन दशांशांपर्यंत.

आता माझा दुसरा दुखरा भाग: ब्लँक, म्हणजे तपासायची एक गोष्ट वगळून बाकी सगळं तसंच ठेवलेली तुलनेची नळी.

सावंतवाडीकडची एक मुलगी घरची कोकमाची सोलं घेऊन आली, मीठ न लावता मुद्दाम वाळवलेली. पित्तावर आजी हेच देते, त्यात अँटिऑक्सिडंट किती ते बघायचं होतं. पद्धत नेहमीची, डी.पी.पी.एच.ची. मिथेनॉलमधला जांभळा द्राव, त्यात अर्क घालून अर्धा तास अंधारात ठेवायचा. अर्कात दम असेल तर जांभळा रंग उतरून पिवळा पडतो. किती उतरला ते प्रकाशाचं शोषण मोजणाऱ्या मशीनवर, ५१७ नॅनोमीटरला मोजायचं.

चार दिवसांनी ती रडवेली होऊन आली. “मॅडम, कोकम जितकं जास्त घालतेय तितकं काम कमी दिसतंय.” मी वही बघितली. नुसत्या डी.पी.पी.एच.चं रीडिंग ०.९०, कोकम घातलेल्या नळीचं ०.५५. म्हणजे रंग ३९ टक्केच उतरला. मशीन तिनं मिथेनॉलवर शून्य केलं होतं आणि तेवढ्यानं भागलं असं तिला वाटलं होतं. मी म्हटलं, तेवढाच अर्क नुसत्या मिथेनॉलमध्ये घाल, डी.पी.पी.एच. नको, आणि लाव मशीनला. रीडिंग आलं ०.३०.

कोकमाचा लाल रंग अँथोसायनिनचा. तो नेमका ५१७ च्या आसपासच प्रकाश शोषतो. म्हणजे डी.पी.पी.एच.चा जांभळा रंग उतरत होता आणि त्याच जागी कोकम आपला लाल भरत होतं. ०.५५ मधून ०.३० वजा केले, उरले ०.२५. आता टक्केवारी ७२. मुलगी आधी हसली, मग चार दिवस वाया गेले म्हणून चिडली. जांभूळ घ्या, बीट घ्या, रंगीत अर्काच्या प्रत्येक तीव्रतेला तिचा वेगळा ब्लँक हवा. नळ्या दुप्पट होतात, धुणं दुप्पट होतं, म्हणूनच तो कुणी ठेवत नाही.

जिवाणूंच्या प्लेटमध्येही तेच. अगारच्या, म्हणजे जिवाणू वाढवायच्या जेलीच्या, खड्ड्यात अर्क ओतला, दुसऱ्या दिवशी भोवती मोकळं वर्तुळ दिसलं की लगेच फोटो. शेजारच्या खड्ड्यात नुसतं मिथेनॉल घातलंत का? वर्तुळ कदाचित त्याचंच असेल. आणि वर्तुळाच्या मिलिमीटरवरून दोन झाडांची तुलना तर करूच नका. तेलकट घटक अगारमध्ये पसरतच नाहीत. ते कितीही जालीम असले तरी वर्तुळ लहानच येणार.

आवळ्यात फोलिनच्या द्रावानं ‘एकूण फिनॉल’ मोजणाऱ्यांनी लक्षात ठेवा, तो द्राव व्हिटॅमिन सी लाही रंग देतो. एकाच नळीचं तीनदा घेतलेलं रीडिंग म्हणजे तीन प्रयोग नव्हेत. अर्क तीनदा काढा. हो, तीनदा.

आणि बाटलीवर झाडाचं नाव, भाग, विद्रावक, तारीख, आपलं नाव लिहा. आमच्या फ्रिजमध्ये ‘एम २ नवीन’ लिहिलेल्या सात बाटल्या आहेत. ‘एम’ म्हणजे मिथेनॉल, मेथी की मंजिष्ठा, ते त्या मुलालाच ठाऊक. शुक्रवारपर्यंत कुणी न्यायला आलं नाही तर मी त्या टाकून देणार आहे.