कंपनी वाढतेय आणि भरती निघालीय? नवीन लाईन मागून घ्या

मी जॉईन झाले तेव्हा कंपनीच्या मुख्य ऑफिसला लागूनच नवीन बिल्डिंग उभी राहत होती, तळमजल्यावर एसएमटीच्या, म्हणजे सर्किट बोर्डावर मशीनने पार्ट बसवून सोल्डर करायच्या, नव्या लाईन बसणार होत्या आणि त्यामुळे एकदम बरीच भरती निघालेली. एचआरने विचारलं चालू लाईनवर जाणार की नव्या, मी नवीन म्हटलं. आज कुणी फ्रेशर विचारतं तेव्हा हेच सांगते.

चालू लाईनवर सगळं ठरलेलं असतं हो, पार्टची रील संपली की मशीनचा फीडर भरा आणि एओआयने, म्हणजे बोर्ड कॅमेऱ्याने तपासणाऱ्या मशीनने, पकडलेले बोर्ड बाजूला काढा. नव्या लाईनवर बोर्डावर सोल्डर पेस्ट लावणाऱ्या प्रिंटरपासून ती वितळवणाऱ्या रिफ्लो ओव्हनपर्यंत एकेक मशीन डोळ्यासमोर बसतं आणि बसवायला आलेले इंजिनिअर विचारलं की मनापासून सांगतात. ओव्हनचं प्रोफाईल, म्हणजे बोर्ड आत किती वेळात किती तापतो ते, मला तिथेच कळलं. बोर्डाला थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) चिकटवून तो ओव्हनमधून सोडायचा आणि ग्राफ बघायचा. एसएसी 305 हे लेड-फ्री सोल्डर 217 डिग्रीच्या आसपास वितळायला लागतं, पण मोठा कनेक्टर उशिरा तापतो आणि इवलासा रेझिस्टर लगेच, म्हणून पीक, म्हणजे सगळ्यात वरचं तापमान, साधारण 235 ते 250 मध्ये धरतात, कमी पडलं तर जॉइंट कच्चा राहतो, जास्त झालं तर पार्ट जळतो. झोनचं तापमान बदल, परत बोर्ड सोड, परत ग्राफ बघ, अख्खी शिफ्ट त्यात जायची आणि मला ते फार आवडायचं.

एक चूक माझ्याकडून झाली ती तुम्ही करू नका. आयसीची (चिपची) सीलबंद बॅग उघडली आणि वेळ लिहिली नाही. एमएसएल म्हणजे पार्ट ओलावा किती सोसतो त्याची लेव्हल, आणि एमएसएल 3 चा पार्ट 30 डिग्री आणि 60 टक्के आर्द्रतेत 168 तासच बाहेर चालतो, नंतर आत मुरलेल्या ओलाव्याची ओव्हनमध्ये वाफ होते आणि पार्ट आतून तडकतो. ओलावा काढायला अख्खा ट्रे बेक करावा लागला, लाईन थांबली.

रिस्ट स्ट्रॅपचा, म्हणजे अंगातली स्टॅटिक जमिनीत सोडणाऱ्या मनगटाच्या पट्ट्याचा, कंटाळा करू नका. आपल्याला स्टॅटिकचा चटका जाणवतो तो साधारण 3000 व्होल्टला, काही आयसी 100 च्या आतच मरतात, आणि बऱ्याचदा पूर्ण मरतही नाहीत, टेस्टिंगमध्ये पास होतात आणि गिऱ्हाईकाकडे जाऊन बंद पडतात.

अभ्यास म्हणाल तर आयपीसी-ए-610 (तयार बोर्ड पास की रिजेक्ट हे ठरवायचं स्टँडर्ड) मधले फोटो बघत रहा, चांगला जॉइंट आणि रिजेक्ट यातला फरक डोळ्यात बसला पाहिजे. त्यात काम किती काटेकोर हवं त्याचे तीन क्लास आहेत, कंपनी कुठल्या क्लासचं काम करते ते इंटरव्ह्यूतच विचारा, आणि जागा पर्मनंट की कंत्राटी हेही, कारण विस्ताराच्या भरतीत दोन्ही असतात आणि ऑफर लेटर हातात येईपर्यंत कुणी आपणहून सांगत नाही.