व्हील स्पेसर बसवताना या चुका टाळा

"चाक मडगार्डच्या आत दबल्यासारखं दिसतंय, जरा बाहेर काढून द्या," एवढं म्हटलं की दुकानदार स्पेसरचा, म्हणजे हब आणि चाक यांच्यामध्ये बसणाऱ्या धातूच्या चकत्यांचा, जोड काउंटरवर ठेवतो आणि विचारतो, पंधरा मिमी की वीस? जाडी खरं तर सगळ्यात शेवटी ठरवायची असते. आधी पीसीडी (स्टड ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास), हबचा बोअर (चाकाच्या मधल्या भोकात बसणाऱ्या हबच्या कडेचा व्यास), स्टडचे, म्हणजे नट लागणाऱ्या दांड्यांचे, आटे आणि चाकाचा ऑफसेट (हबला टेकणारी बाजू चाकाच्या रुंदीच्या मध्यापासून किती मिमी दूर; चाकावर हे 'ईटी' म्हणून लिहितात) ही चार मापं हातात हवीत. पुढच्या बहुतेक तक्रारी यातलं एखादं माप न घेतल्यामुळेच येतात.

पीसीडी जुळली म्हणून स्पेसर जुळला असं धरणं

स्विफ्ट, आय-ट्वेंटी आणि अमेझ या तिन्ही गाड्यांची पीसीडी ४×१००, म्हणजे १०० मिमीच्या वर्तुळावर चार स्टड. पण पहिल्या दोघींच्या हबचा बोअर ५४.१ मिमी, अमेझचा ५६.१. अमेझचा स्पेसर स्विफ्टवर विनातक्रार चढतो, पण दोन मिलिमीटर ढिला राहतो. चाक मग हबवर नाही, नुसत्या नटांच्या भरवशावर मध्यभागी येतं. सोलापूर-पुणे हायवेवर ८० ते १०० च्या वेगात स्टिअरिंग थरथरायला लागतं, ते यामुळेच.

मग टायरवाला बॅलन्सिंग करतो. एकदा, दोनदा, फरक शून्य. बॅलन्सिंगचं मशीन चाक स्वतःच्या कोनवर मधोमध धरतं. गाडीच्या हबवर ते किती सरकून बसलंय, हे त्याला कळायचा मार्गच नाही. तिसऱ्यांदा पैसे देण्याआधी व्हर्नियर घेऊन बोअर मोजा.

पातळ, म्हणजे ३ ते ५ मिमीच्या चकतीत हबची कड थोडी बाहेर उरते, तीच चाकाला धरते. १० मिमीला ती कड बऱ्याचदा पूर्ण झाकली जाते. तेव्हा स्पेसरलाच स्वतःची, चाकाच्या बोअरच्या मापाची कड हवी. "युनिव्हर्सल" लिहिलेला, पाच-सहा पीसीडीच्या लांबट भोकांचा स्पेसर स्वस्त असतो, तेवढाच त्याचा गुण.

आटे न मोजणं

मारुतीचे स्टड १२×१.२५ (१२ मिमी जाड, दोन आट्यांत १.२५ मिमी अंतर), ह्युंदाई आणि होंडाचे १२×१.५. चुकीचा नट हाताने दोन फेरे जातो आणि अडतो. तिथे एअर गन लावली की नट बसल्यासारखा वाटतो, प्रत्यक्षात आटे गेलेले असतात. म्हणून प्रत्येक नट आधी बोटांनी शेवटपर्यंत फिरायला हवा. न फिरल्यास थांबा.

स्पेसर घातला की त्याच्या जाडीएवढा स्टड कमी पडतो. नट किमान स्टडच्या जाडीइतका, म्हणजे १२ मिमी, आट्यांत गेला पाहिजे. फेरे मोजायचे: १.२५ च्या आट्याला दहा, १.५ च्याला आठ. त्याहून कमी भरले तर लांब स्टड प्रेस करून घ्या किंवा स्वतःचे स्टड असलेला बोल्ट-ऑन स्पेसर घ्या. दोन पातळ चकत्या एकावर एक कधीच नाही.

बोल्ट-ऑन साधारण २० मिमीपासून पुढे मिळतो, कारण गाडीचे मूळ स्टड आणि नट त्याच्या जाडीत मावावे लागतात. स्टड दोन-तीन मिमी बाहेर डोकावत असतील आणि अलॉयच्या मागे तेवढे खळगे नसतील, तर चाक स्पेसरच्या पृष्ठभागावर न टेकता स्टडच्या टोकांवर टेकतं. हे बाहेरून दिसत नाही. स्टडच्या टोकांना थोडा खडू लावून चाक चढवा, काढा आणि मागे ठसा उमटलाय का पाहा.

लेथवरून करून आणलेला स्पेसर

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत कामसू टर्नर आहेत, कामाला नावं ठेवायची नाहीत. प्रश्न धातूचा आहे. भंगार ओतून केलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या तुकड्यातून काढलेली चकती खड्ड्याच्या दणक्याने तडकू शकते. ६०६१-टी६ या दर्जाचंच अ‍ॅल्युमिनियम हवं, आणि जाडी चार ठिकाणी मोजल्यावर ०.१ मिमीपेक्षा जास्त फरक नको.

घाणेरड्या हबवर बसवणं

आपल्याकडची काळी माती हबवर सुकली की सिमेंटसारखी धरते. वायर ब्रशने स्वच्छ धातू दिसेपर्यंत घासा. नव्या गाड्यांच्या स्टडवर डिस्क धरून ठेवणारी पत्र्याची छोटी क्लिप असते, ती काढा. डिस्कच्या स्क्रूचं डोकं वर आलंय का, तेही बघा. तांब्याचं ग्रीस हबच्या कडेवर अगदी पातळ; आट्यांवर लावायचं नाही, नाहीतर त्याच टॉर्कला स्टड जास्त ताणला जातो.

नट चांदणीच्या क्रमाने, समोरासमोर आवळायचे. १२ मिमीच्या स्टडला साधारण ८५ ते ११० न्यूटन मीटर लागतात. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेतून घ्या आणि टॉर्क पान्यानेच आवळा. ८०-१०० किमीनंतर, म्हणजे सोलापूरहून अक्कलकोटला जाऊन आलात की, पुन्हा तपासा. बोल्ट-ऑन असेल तर चाक उतरवून आतले नटसुद्धा. हा भाग बहुतेक जण टाळतात, कारण आतले नट दिसत नाहीत.

ऑफसेटचं गणित न करणं

मूळ चाक ६ इंच रुंद, ईटी ४५. नवीन अलॉय ७ इंच, ईटी ३८. बाहेरची कड आधीच १२.७ + ७ म्हणजे जवळपास २० मिमी बाहेर आलेली असते. त्यावर १५ मिमीचा स्पेसर लावला की एकूण ३५ मिमी. रिकाम्या गाडीत काही घासत नाही. मागे तिघे, डिकीत सामान आणि समोर गतिरोधक आला की मडगार्डची कड टायर कापते. चाचणी भरलेल्या गाडीनेच घ्या, स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून. चाक जितकं बाहेर, तितका बेअरिंगवर ताण जास्त आणि स्टिअरिंग रस्त्याच्या चरांमागे ओढलं जाणार.

नुसतं दिसण्यासाठी करायचं असेल तर योग्य ईटीचं अलॉय घेणं बरं. स्पेसरचा खरा उपयोग रुंद टायर आत सस्पेन्शनच्या स्ट्रटला घासतोय तेव्हा, तोही थोडक्या मिलिमीटरांचा.

मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ नोंदणीतल्या तपशिलाविरुद्ध बदलाला मनाई करतं आणि नियमबाह्य बदलाला कलम १८२ए खाली प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात. विमा कंपनीला बदल लेखी कळवा.

तरीही थरथर जात नसेल तर

स्पेसर काढून त्याच रस्त्यावर, त्याच वेगात गाडी चालवा. थरथर गेली तर बोअर किंवा हबचा पृष्ठभाग. राहिली तर टायर, टाय रॉड, बेअरिंग. फक्त ब्रेक दाबल्यावर येत असेल तर डिस्क. पोलोसारख्या गाडीला स्टड नसतात, १४×१.५ चे बोल्ट असतात आणि स्पेसरसोबत त्याच्या जाडीइतके जास्त लांब बोल्ट लागतात. स्पेसर काढल्यावर तेच लांब बोल्ट परत लावले तर आतल्या भागांना टेकतात, म्हणून मूळ बोल्ट डिकीत ठेवलेच पाहिजेत. स्टेपनी लोखंडी असेल तर मूळ नटही, कारण अलॉयच्या नटांची बैठक तिला जुळेलच असं नाही.