पाळणाघरातलं ताट: वय तितके चमचे

दोन वर्षांच्या मुलापुढे मोठ्यांइतका वरणभात ठेवला की ते बघूनच तोंड फिरवतं. पाळणाघरात वाढताना सोपा अंदाज धरा: जितकं वय, तितके मोठे चमचे, प्रत्येक पदार्थाचे. म्हणजे 2 वर्षांच्या मुलाला 2 चमचे मऊ भात, 2 चमचे घट्ट वरण, 2 चमचे भाजी, वर थोडं तूप. मागितलं तर पुन्हा वाढा. नको म्हणालं तर चिऊ-काऊचे घास करत कोंबू नका. इवलंसं पोट ते, अडीच-तीन तासांनी पुन्हा मागेलच.

दुधाकडे मात्र नीट लक्ष हवं. जेवला नाही म्हणून बाटलीभर दूध पाजलं की पुढच्या जेवणाची भूक मरते, आणि दुधात लोह जवळजवळ नसतंच. वर्षावरच्या मुलाला दिवसाला 400-500 मिली पुरे, तेही घरचं धरून. त्यामुळे सकाळी सोडायला येणाऱ्या आई-बाबांना किती दूध झालं ते विचारून घ्या. मुगाच्या उसळीवर लिंबू पिळलं की त्यातलं लोह जास्त अंगी लागतं.

अख्खे शेंगदाणे आणि अख्खी द्राक्षं लहानग्यांना नकोतच, घशात अडकतात. कूट वापरा, द्राक्षं उभी चार भागांत चिरा.